उणीव आधी की उपाय आधी?

नरकचतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रातले प्रत्येक घर घटकाभर प्रसाधनगृह होते. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी यांचे सुगंधी उटणे दुधात कालवले जाते आणि ते आजोबांच्या पाठीपासून रांगत्या नातवाच्या गालापर्यंत सर्वांना सारखेच लागते. आजोबांना सुरकुत्या आहेत म्हणून त्यांच्या वाट्याला कोणी दोन चिमटी अधिक टाकीत नाही. थोरली नात सावळी आणि धाकटी गोरी म्हणून आई थोरलीला अधिक जोराने घासत नाही. निदान घासू नये. उटण्याच्या मागे आनंद असतो, तक्रार नसते. ते तुम्हाला देखणे करते, पण तुम्ही कुरूप आहात असे आधी बजावत नाही. शृंगार आणि दुरुस्ती यांतला फरक मला वाटते हाच आहे. शृंगार चेहऱ्यावर काही तरी चढवतो; दुरुस्ती चेहऱ्यातून काही तरी वजा करू पाहते.

ही दुरुस्ती आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. आमच्या सावद्याहून भुसावळ-जळगावकडे एखादी चक्कर मारली, तर दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर किंवा चष्म्याच्या दुकानाशेजारी त्वचेच्या दवाखान्याची पाटी दिसते. तिच्यावर रोगांची नावे थोडी आणि इच्छांची अधिक असतात. चेहऱ्यावरचे केस लेझरने घालवणे, रसायनाने कातडीचा वरचा पापुद्रा काढणे, ओठ भरणे, सुरकुत्यांवर सुई, गोंदण पुसणे. आज्यांनी सुयांची टोचणी सोसून हौसेने कपाळावर नि हनुवटीवर गोंदून घेतले. त्यांच्या नाती लहानपणी गोंदलेला एखादा ठिपका तशीच टोचणी सोसून, शिवाय पैसे मोजून पुसून घेतात. लग्नसराई जवळ आली की वधूसाठी महिना-दोन महिन्यांचे ‘पॅकेज’ असते. हल्ली वरासाठीही असते.

यात हसण्यासारखे काही नाही. माणसाला चांगले दिसावेसे वाटते, आणि तसे वाटणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. ज्याचा चेहरा त्याचा, ज्याचा पैसा त्याचा. मग यात नीतीचा प्रश्न येतोच कोठे, असे कोणी विचारील. येतो, तो असा की, जी उणीव दूर करायला माणूस दवाखान्याची पायरी चढतो, ती उणीव त्याला दिली कोणी? हे नीट कळावे म्हणून आपल्याच मातीतली सव्वादोनशे वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडण्यात आले. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो पत्रा कपाळावर पसरून त्याच्याभोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली; परंतु दोन भुवयांमध्ये तिचा एक पट्टा जिवंत राखला. ती कातडी उलटी फिरवून खाली आणली, आणि सांधा धरण्यासाठी पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या एकावर एक ठेवल्या. आपण विड्याला लावतो तोच कात! पंचवीस दिवसांच्या सुमारास भुवयांमधला पट्टा कापला आणि कावसजीला नाक आले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सारी हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तीच क्रिया करून दाखवली. सुश्रुताच्या ग्रंथात नाक जोडण्याची रीत आहेच. पण युरोपला ती शिकवली पुण्याकडच्या एका विटा भाजणाऱ्याने. त्याचे नाव त्या मासिकाने दिले नाही.

या हकीकतीतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्याला नाक नाही, हे कावसजीला कोणी सांगावे लागले नाही. त्याला त्यासाठी जाहिरात दाखवावी लागली नाही, की आरशासमोर बसवून बोटाने दाखवावे लागले नाही. उणीव आधी होती, उपाय मागून आला. भाजलेल्या मुलीची मान सरळ करणारा, दुभंगलेला ओठ शिवणारा, ॲसिडने जाळलेल्या चेहऱ्याला पुन्हा पापणी देणारा डॉक्टर हा त्या अनामिक कारागिराचा खरा वारस होय. त्याच्या हातापुढे आपण सर्वांनी नमावे.

आता दुसरी हकीकत ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाचा एक डॉक्टर होता; तो कवीही होता. बिघडलेले सॉसेज, म्हणजे आतड्यात भरलेले मांस, खाऊन माणसे लुळी पडून मरत. त्या विषाचा त्याने अभ्यास केला. सॉसेजच्या लॅटिन नावावरून त्या विषाचे नाव पडले. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचू न देणे, हे या विषाचे काम. विसाव्या शतकात ॲलन स्कॉट या अमेरिकन नेत्रवैद्याने त्याचा अगदी अल्प अंश तिरळ्या डोळ्याच्या स्नायूत टोचून डोळा सरळ करून दाखवला, आणि १९८९ साली अमेरिकेत त्या उपचाराला मान्यता मिळाली. येथपर्यंत ही कथा कावसजीच्याच जातीची आहे. परंतु कॅनडातल्या कॅरथर्स नावाच्या डॉक्टर दांपत्याच्या असे लक्षात आले की, पापण्यांच्या आचक्यांवर हे औषध टोचले म्हणजे भुवयांमधल्या आठ्याही पुसल्या जातात. १९९२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, २००२ साली आठ्यांसाठीही मान्यता आली, आणि ‘बोटॉक्स’ हा शब्द साऱ्या जगाच्या तोंडी झाला.

आठ्या काय १९९२ साली निर्माण झाल्या? त्या रामायणकाळीही असतील. पण त्या वयाबरोबर येणाऱ्या गोष्टी होत्या. मोजायच्या, आणि दर तीन-चार महिन्यांनी सुई घेऊन उतरवायच्या गोष्टी नव्हत्या. औषध सापडले, मग त्याला रोग हवा म्हणून आठ्यांकडे बोट गेले. येथे उपाय आधी आला आणि उणीव त्याच्या मागून आली.

मी शाळामास्तर असल्यामुळे या सुईची मला विशेष धास्ती वाटते. मास्तराची निम्मी शिस्त त्याच्या छडीत कधीच नव्हती, ती कपाळावरच्या आठीत असते. छडी तर कायद्याने गेली. आता आठीही गेली तर वर्गात शिल्लक काय राहणार? पण विनोद बाजूला ठेवला तरी आठी ही नुसती कातडीची घडी नव्हे. ती दुसऱ्यासाठी लिहिलेली अक्षरे आहेत. आईच्या कपाळावरून पोर तिचा राग, काळजी, थकवा वाचायला शिकते, आणि ती बाराखडी त्याला शाळेच्या बाराखडीच्या कितीतरी आधी येते. आपला चेहरा आपल्याला स्वतःला दिसत नाही. निसर्गाने तो समोरच्याला वाचायला दिला आहे. म्हणून माझा चेहरा ‘माझाच’ आहे, हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

आणि हे अर्धसत्यच आपल्याला खऱ्या अडचणीकडे नेते. चेहरा जर समोरच्याने वाचायचा, तर तो चुकीचा वाचण्याची सत्ताही समोरच्याकडे जाते. पाहायला आलेल्या मंडळींनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, पण रंगाने कमी आहे. असा निरोप तीनदा आलेल्या मुलीला मी कोणत्या तोंडाने सांगू की, बाई, तुझी उणीव खरी नाही, ती मागून आलेली आहे? तिचे रडणे तर खरे आहे! कावसजीचे नाक सुरीने कापले, हिचे जिभेने. जखम दोघांनाही झाली. ‘नाक कापणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगीच आलेला नाही.

आमच्या गावाला सालीवरून भाव ठरण्याची सवय आहे. केळीच्या सालीवर डाग पडू नये म्हणून घडांना बागेतच पिशव्या चढवतात. हिरवे घड वायूच्या खोलीत पिकवून एकसारखे पिवळे करतात. दूरच्या गिऱ्हाइकाला डाग चालत नाही. बागवानाला मात्र ठाऊक असते की, साल ठिपक्यांनी भरली म्हणजे आतल्या पिठाची साखर झाली. सर्वांत गोड केळे ते. केळी हा व्यापाराचा माल आहे, त्याची साल बघितली तर बिघडत नाही. पण घरातली मुलगी आपण कोणत्या हिशेबाने त्याच काट्यावर ठेवतो? मेच्या उन्हात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो; या खानदेशात सावळा वर्ण हा उन्हाने दिलेला साधा न्याय आहे. तो दोष कधी झाला?

तो दोष जुनाच, पण त्याचा व्यापार नवा आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली, आणि २०२० साली जगभर टीका झाल्यावर तिच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. नाव बदलले, आरसा बदलला का? लहान गावात तर याहून वाईट घडते. येथे सौंदर्याचा दवाखाना चालतो तो औषधाच्या दुकानातल्या गल्ल्यावर. गजकर्ण-इसबासाठी असलेली स्टिरॉइडची मिश्र मलमे ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून घेतली जातात. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, केस उगवतात. आणि मलम थांबवले की आग होते, म्हणून ते थांबवताही येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी या विकाराला वेगळे नावच दिले आहे. २०१८ साली सरकारने अशा मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत बसवले. पण कायदा दुकानाच्या पायरीपर्यंत येतो, गल्ल्यापर्यंत क्वचित पोचतो. काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुली अशा तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कारण शोधता शोधता त्या लावीत असलेल्या क्रीमपाशी शोध थांबला; तिच्यात पारा सापडला. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, आणि कातडीतून रक्तात उतरतो. गोरेपणाची एवढी किंमत कोणी सांगून मागितली असती, तर जगातल्या कोणत्या आईने ती दिली असती?

आता डॉक्टरांकडे वळू. त्यांना शिव्या देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. कोडाने, वांगाने, मुरमांच्या खड्ड्यांनी खचलेल्या माणसाला जो ताठ मानेने चारचौघांत उभा करतो, तो मोठेच काम करतो. त्याचीही एक कोंडी आहे. लेझरचे यंत्र लाखांनी येते आणि त्याचा हप्ता दर महिन्याला येतो. रोगी मात्र दर महिन्याला तेवढे येतीलच असे नाही. अशा वेळी रोगी आणि गिऱ्हाईक यांच्यामधली भिंत बारीक होऊ लागते. रोगी बरा झाला की डॉक्टरचा आनंद वाढतो. गिऱ्हाईक समाधानी होऊन घरी बसले की दुकानाचे नुकसान होते. म्हणून या व्यवसायाची कसोटी माझ्यासारख्या सामान्य माणसाला एकच दिसते. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही, घरी जा’ हे वाक्य त्या दवाखान्यात उच्चारले जाते की नाही? मुरमावर औषध घ्यायला आलेल्या मुलीला ‘नाकही जरा बसकेच आहे, नाही का?’ असे जेथे ऐकावे लागते, तेथे काही तरी बिघडले आहे. पुण्याजवळच्या त्या कारागिराने नाके जोडली. जोडायला मिळावीत म्हणून त्याने ती कापली नाहीत. एकाच हाताने दोन्ही कामे करू नयेत, एवढा धर्म पाळला तरी या व्यवसायाला पुरे आहे.

परंतु सारा भार डॉक्टरवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. दवाखान्यात उणिवेवर सुई टोचतात. ती उणीव बहुतेक वेळा घरून बांधून नेलेली असते. ती देणारे कोणी परके नसतात. ते तुम्ही-आम्हीच असतो. मावशी, आत्या, शेजारीण, थट्टेखोर काका, पाहायला आलेली मंडळी. मुलगी चार महिन्यांनी वसतिगृहातून घरी येते, आणि उंबऱ्यातच प्रेमाने तिचे स्वागत होते: ‘कायी पडली वं पोरी!’ बोलणारीच्या मनात काही नसते. ऐकणारीच्या मनात ते वर्षभर राहते.

या दिवाळीत घरोघर माणसे गोळा होतील. भाऊबीजेला बहिणी येतील, भाचे-भाच्या येतील. कोणी वाळलेले असेल, कोणी सुटलेले, कोणाच्या कानशिलावर पहिला पांढरा केस असेल. दारात आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आपली पहिली नजर जाईल तेव्हा तेथे काय कमी आहे हे शोधू नये. प्रवास कसा झाला, भूक लागली का, एवढे विचारावे, आणि फराळाचे ताट पुढे करावे.