दान, दाता आणि विश्वस्त

लोकांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या संस्थेचा धनी कोण, हा प्रश्न तिजोरी रिकामी असेपर्यंत कोणी विचारीत नाहीं. मोठी देणगी दारीं आली म्हणजे तो उभा राहतो. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १५ लाख रुपये देऊं केले. विद्यापीठास मातोश्रींचें नांव द्यावें, ही अट होती. पण ती उघड होती, आजहि विद्यापीठाच्या नांवांतच ती वाचतां येते.

विकिपीडियाचा कारभार पाहणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनची गोष्ट निराळी. हा ज्ञानकोश विनावेतन स्वयंसेवक लिहितात. २०१५ सालीं नाइट फाउंडेशननें संस्थेस २,५०,००० डॉलर दिले. त्यांचा करार स्वयंसेवकांच्या दृष्टीस पडला तो २०१६ सालीं. मध्यंतरीं, डिसेंबरांत, स्वयंसेवकांनीं निवडलेले विश्वस्त जेम्स हाइलमन यांना मंडळानें ८ विरुद्ध २ मतांनीं दूर केलें. आपला पारदर्शकतेचा आग्रह मंडळास रुचला नाहीं, असें त्यांचें म्हणणें. मंडळास तें मान्य नव्हतें. २०१७ सालीं स्वयंसेवकांनीं त्यांनाच पुन्हा निवडलें.

खरें कोणाचें, हा वाद बाजूस ठेवूं. निवडलेला विश्वस्त एका ठरावानें दूर करतां येत असेल, तर निवडणूक ही केवळ शिफारस ठरते. दान अटीनें दूषित होत नाहीं. राबणाऱ्यांपासून ती अट लपविल्यानें होतें. दाता धन देतो, कार्यकर्ता आयुष्य देतो. विश्वस्तानें ठेव दोघांचीहि सांभाळावी. हिशेब मात्र आधीं कार्यकर्त्यास द्यावा, कारण धन परत करतां येतें, आयुष्य येत नाहीं.