अठरा गाड्या

लातूरच्या पाणीपुरवठ्यात वॉलमन म्हणून हयात घालवलेले तात्या निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला गेले, ते थेट तमिळनाडूत, इरुंगाट्टुकोट्टैला. चेन्नईहून बेंगळुरूच्या हमरस्त्याला लागलं की 30-35 किलोमीटरवर हे गाव येतं. एकेकाळी तळ्याच्या पाण्यावर भात पिकवणारा हा मुलूख आता सिपकॉट या सरकारी महामंडळाची औद्योगिक वसाहत म्हणून ओळखला जातो. ह्युंदाईचा मोटारींचा कारखाना इथलाच. 1998 पासून तिथून गाड्या बाहेर पडताहेत आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने उभे राहिले आहेत. अशाच एका कारखान्यात तात्यांचा मुलगा युटिलिटी विभाग सांभाळायचा. वीज, वाफ, दाबाची हवा आणि पाणी, यंत्रांना जे जे लागतं ते पुरवायचं काम त्याचं. बापाने जन्मभर माणसांना पाणी सोडलं, लेक यंत्रांना सोडत होता.

घरात पाऊल टाकल्यावर दोन-तीन दिवसांतच तात्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मुलगा कामावरून आला की सून त्याला दारातच थांबवायची. चपला बाहेर, कपडे बादलीत आणि अंघोळ झाल्याशिवाय देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही. तिचा स्वभाव काही कजाग नव्हता. तात्यांना सकाळी भाकरी लागते म्हणून ती लांबच्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणून ठेवायची. पण या एका बाबतीत ती ऐकत नव्हती.

"कामून गं, बाई?" तात्यांनी शेवटी विचारलंच.

"मामा, ह्यांच्या कंपनीत आता गटाराचं पाणी येतंय. साऱ्या चेन्नईचा मैला. हे दिवसभर त्यात हात घालून येतात."

मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला स्वतःलाही त्या पाण्याची शिसारी होती, हे तात्यांना त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

चेन्नईत कोयंबेडूला शहराचं मैलापाणी येतं. आधी ते जाळीतून गाळतात, वाळू खाली बसवतात. मग मोठ्या टाक्यांत हवा फुंकत राहतात, म्हणजे पाण्यातले जिवाणू जगतात आणि घाण खाऊन टाकतात. गाळ तळाला बसला की वरचं पाणी पुढे जातं. बहुतेक शहरं इथे हात झटकतात आणि ते पाणी नदीनाल्यात सोडून देतात. पुष्कळ शहरं तर इथवरही पोचत नाहीत. कोयंबेडूला 2019 साली पुढचा टप्पा उभा राहिला. तेच पाणी आणखी गाळून, अल्ट्राफिल्ट्रेशनमधून काढून शेवटी आरओतून ढकलतात आणि नळाने इरुंगाट्टुकोट्टै, श्रीपेरुंबुदूर, ओरगडमच्या कारखान्यांना देतात. दिवसाला साडेचार कोटी लिटरची क्षमता. तेवढ्याच क्षमतेचा दुसरा प्रकल्प शहराच्या उत्तरेला कोडुंगैयूरला आहे, तो मणलीकडच्या कारखान्यांसाठी.

तात्या उठले. भिंतीवरच्या कालनिर्णयाचं मागचं पान उलटून त्यांनी पेन्सिलीने आकडे मांडले. बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले.

"अठरा गाड्या," ते म्हणाले. "रोजच्या अठरा गाड्या होतात, लेकरा."

सुनेला काही कळलं नाही. मुलाला कळलं. तो तेव्हा लातूरलाच होता.

2016 चा तो उन्हाळा लातूरकर विसरू शकत नाहीत. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. तात्या रोजच्या सवयीने लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, चेंबरचं झाकण काढायचे, आटे मोजून वॉल खोलायचे. पाणी आलं की चावीच्या दांड्याला थरथर जाणवते. वॉलमनला पाणी आधी हाताला कळतं, मग कानाला. त्या दिवसांत हाताला काहीच कळायचं नाही. पाइपातून नुसती हवा सुस्कारत बाहेर यायची आणि गल्लीतल्या बाया हंडे तसेच उचलून घरात जायच्या. तात्यांना कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणीच काही बोलायचं नाही.

मग 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, म्हणजे एका खेपेला 25 लाख लिटर. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून मांजरेच्या गावाला आलं. पहिल्या गाडीला हार घातले गेले. तात्या त्या गर्दीत उभे होते आणि त्यांना रडू आवरत नव्हतं. आनंद होताच, पण जे पाणी आपल्या हाताने सोडायचं ते असं वाघिणीतून यावं, याची लाजही होती.

चेन्नईवर तीन वर्षांनी तीच पाळी आली. डिसेंबर 2015 मध्ये इरुंगाट्टुकोट्टैजवळच्याच चेंबरंबाक्कम तलावाचं पाणी सोडल्यावर अड्यार नदी फुगून शहराचे भाग बुडाले होते. 2019 च्या जूनमध्ये त्याच तलावाच्या तळाला भेगा पडल्या. 12 जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची गाडी आली, तिच्यातही 25 लाख लिटर. जे शहर पाण्यात बुडालं होतं, त्याच शहराने चार वर्षांच्या आत रेल्वेच्या पाण्यासाठी डोळे लावले.

"एका गाडीसाठी आम्ही हार घेऊन उभे होतो," तात्या म्हणाले, "आणि इथे रोज अठरा गाड्यांचं पाणी नळाने येऊ शकतं, त्याला तुम्ही दारात अंघोळ घालता?"

दुसऱ्या दिवशी मुलाने बाटलीतून ते पाणी आणलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा छोटा मीटर घरात होताच. ओट्याखालच्या आरओ यंत्रासाठी सुनेनेच तो घेतला होता. पिण्याच्या पाण्याला पाचशेच्या आतला आकडा चांगला मानतात. सोसायटीच्या बोअरचं पाणी हजाराच्या पुढे गेलं. बाटलीतलं पाणी शंभरच्या आसपास थांबलं. सुनेने मीटर पुसून पुन्हा बुडवला. आकडा तोच.

"मग हे प्यायचं का, आजोबा?" नातवाने विचारलं.

"नाही. नुसता क्षार कमी म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नसतं, त्याच्या तपासण्या वेगळ्या. आणि हे पिण्यासाठी केलेलंच नाही. यंत्राने हे घ्यायचं, म्हणजे तळ्यातलं माणसाला उरतं."

सून काही बोलली नाही. पण त्या संध्याकाळपासून नवऱ्याला तिने दारात अडवलं नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण पाणीपुरवठ्यात कुठलीच गोष्ट अशी सहज संपत नाही. महिनाभराने पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी दोन दिवस पुरवठा बंद राहणार असल्याचा निरोप आला. नियमाप्रमाणे आधी कळवून. कारखाना मात्र थांबवायचा नव्हता. मुलाने नेहमीच्या ठेकेदाराला फोन केला आणि टँकर सुरू झाले.

तात्यांनी हट्टच धरला की मला टँकरमधून जायचंय. पाणी कुठून येतं ते बघायचंय. ड्रायव्हरला मोडकं हिंदी येत होतं, तात्यांनाही तेवढंच. अर्ध्या तासाने टँकर हमरस्ता सोडून आत वळला आणि एका शेतातल्या विहिरीपाशी थांबला. मोटर सुरू झाली, जाड पाइप टँकरच्या तोंडात गेला. विहिरीच्या पलीकडे दहा-बारा बाया प्लॅस्टिकच्या रंगीत घागरी ओळीने मांडून बसल्या होत्या.

"यांचं काय?" तात्यांनी विचारलं.

"पहिले गाडी," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी भरली की विहीर खाली जाते. मग थोडं थोडं पाणी परत येतं. तेव्हा त्या भरतात."

त्याच्या बोलण्यात मग्रुरी नव्हती. दिवसाच्या खेपांवर त्याचं घर चालत होतं. विहिरीचा मालकही कुणी राक्षस नव्हता. पावसाने दगा दिला की भातापेक्षा पाणी विकणं परवडतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला कळतं. मला वाटतं, अशा ठिकाणी वाईट माणूस शोधत बसलं की खरी चूक नजरेआड होते.

तात्या उन्हात उभे होते. घागरीपाशी बसलेली एक म्हातारी उठली आणि तिने त्यांच्यापुढे तांब्या धरला. तात्यांना तो घ्यावा की नाही कळेना. नाही म्हणणं हा तिचा अपमान झाला असता. त्यांनी तोंड न लावता वरून दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी तिच्याच घागरीत परत ओतलं.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "एका टँकरात किती पाणी?"

"बारा हजार लिटर."

"घागर पंधरा लिटरची धर."

"आठशे घागरी," मुलगा म्हणाला.

"आणि ते गेलं कुठं?"

मुलाने उत्तर द्यायला वेळ लावला. ते पाणी कूलिंग टॉवरमध्ये गेलं होतं. यंत्रं तापतात, त्यांची उष्णता पाणी घेतं आणि त्यातलं पुष्कळसं वाफ होऊन आकाशात जातं. आठशे घागरींपैकी कितीतरी घागरी दुपारच्या सुट्टीपर्यंत उडून गेल्या होत्या.

"आपण फुकट घेत नाही, तात्या. रोख पैसे मोजतो."

"मोजतोस ना. त्या बाईने माझ्याकडून काय मोजून घेतलं?"

मुलगा उठून गॅलरीत गेला. बराच वेळ तिथे उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातात वही होती.

पुढच्या आठवडाभर बाप-लेक त्या वहीत डोकं घालून बसत. दुरुस्तीसाठी लाइन अधूनमधून बंद राहणारच, जगात अशी पाइपलाइन नाही जी कधी बंद पडत नाही. शहाणा वॉलमन बंदच्या दिवसाची तयारी चालू दिवसात करतो. कारखान्याला दोन दिवस पुरेल इतकी, फक्त शुद्ध केलेल्या सांडपाण्याची वेगळी टाकी हवी होती, एवढंच. मुलाने वर्षभरातल्या टँकरची बिलं काढली, टाकीचा खर्च मांडला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, दोन दिवसांसाठी एवढा खर्च कशाला? मुलाने बिलं पुढे सरकवली. मग त्याने आठशे घागरींचा हिशेबही सांगितला. तो कागदावर नव्हता. टाकी मंजूर झाली. कोणत्या हिशेबाने, ते साहेबांनी सांगितलं नाही.

बांधकामाच्या वेळी तात्या रोज जाऊन बसायचे. वॉलचं चेंबर माणसाला नीट उभं राहता येईल एवढं घ्या, चावी फिरवणाऱ्याची कंबर जाते, हे त्यांनी सांगितलं आणि ते ऐकलं गेलं. पाण्याची पातळी बाहेरून दिसेल अशी नळी बसवून घेतली. तिसऱ्या गोष्टीला मात्र ते अडून बसले. टाकी साफ करायला आत माणूस उतरवायचा नाही, तळाचा गाळ यंत्राने ओढून काढता येईल अशीच रचना हवी. बंद टाकीत आणि गटारात उतरून गुदमरलेली माणसं त्यांनी नोकरीत पाहिली होती. गटारं आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी आजही माणसं मरतात आणि मरणारे कोणत्या वस्तीतले असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या शहरांचं पाणी शुद्ध होतं ते या माणसांच्या जिवावर होणार असेल, तर त्याला शुद्ध म्हणायची माझी तयारी नाही.

पुढच्या बंदच्या वेळी एकही टँकर बोलावला गेला नाही. मुलाने स्वतः चेंबरमध्ये उतरून वॉल खोलला. तात्यांनी वरून विचारलं, "हाताला कळलं का?"

"कळलं," तो म्हणाला.

दिवाळीला तात्या लातूरला परतले आणि पहिल्याच आठवड्यात महापालिकेत जाऊन बसले. आपल्या शहराचं सांडपाणी कुठे जातं, किती शुद्ध होतं आणि शुद्ध झालेलं कोण वापरतं, असे तीन प्रश्न त्यांनी लिहून दिले.

हे प्रश्न आपल्याकडे अवघड मानण्याचं कारण नाही. नागपूरने ते केव्हाच सोडवायला घेतलेत. भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला दिलं जातं. दिवसाला 13 कोटी लिटर क्षमतेचा तो प्रकल्प आहे. विजेसाठी लागणारं तेवढं पाणी धरणातून उचलावं लागत नाही, ते पिणाऱ्यांसाठी राहतं. तुमच्या गावची नगरपालिका असो की महापालिका, एकदा तिथे जा आणि तात्यांचे तीन प्रश्न लेखी द्या. पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहा.