सकाळचं पहिलं बटण

दिवसभरातली सगळ्यांत जास्त बटणं माणसाला सकाळच्या पहिल्या तासात भेटतात. परकराची नाडी, ब्लाउजचे हुक, सदऱ्याच्या गुंड्या, कानातल्या कुडीची फिरकी, पिशवीची चेन. सांधे धरलेल्या बोटांना हाच तास सगळ्यांत जड जातो. रात्रभर हात एका जागी पडून असतो, पेरं आखडतात, उठल्यावर मूठ वळता वळत नाही. गारगोटीत पावसाळा लागला की हे जास्त जाणवतं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. वेदगंगा भरून वाहत असते, दिवसच्या दिवस ऊन पडत नाही, दोरीवरचे कपडे दमट राहतात. दमट नाडीची आवळलेली गाठ तर धडधाकट बोटांनाही दाद देत नाही.

माझ्या आत्तीच्या नखांजवळच्या पेरांवर गाठी आल्यात आणि अंगठ्याच्या बुडाशी हाड पुढं सरकल्यासारखं दिसतं. वयाबरोबर सांधे झिजून होणारा हा संधिवात. यातला सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सैल होतो. पण दोन्ही हातांची पेरं सुजत असतील, हाताला गरम लागत असतील आणि आखडलेपण तासाहून जास्त टिकत असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं, आमवाताचं. तिथं घरच्या तेलावर दिवस काढू नयेत. त्यावर सांधे वाचवणारी औषधं आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी बोटं वाकडी व्हायची वाचतात.

औषध डॉक्टर देतील. हुकाकडं मात्र कुणाचंच लक्ष जात नाही.

हुक लावताना अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक एकमेकांवर दाबून धरावं लागतं आणि त्याच वेळी कापड दुसऱ्या हातानं ओढावं लागतं. हाताच्या सांध्यांवर पडणाऱ्या भाराचा हिशोब अभ्यासकांनी १९७७ साली मांडला. चिमटीत एक किलोचा दाब दिला, तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा भार येतो, असं त्यात निघालं. भरलेली कळशी कमरेवर आणणाऱ्या बाईला इवलासा हुक लावता येत नाही, याचं घरच्यांना नवल वाटतं, कधी कधी संशयही येतो. कळशीला तळहात, मनगट आणि कंबर लागते. हुकाला फक्त दोन बोटांची टोकं चालतात, आणि दुखणं नेमकं तिथंच येऊन बसलेलं असतं.

या हातांनी काय काय केलेलं असतं! भुदरगड तालुक्यातल्या सत्तरीच्या बायकांचे हात बघा. चिखलात उभं राहून भाताची रोपलावण, खुरपं धरून भांगलण, भुईमुगाच्या शेंगा तोडणं, सकाळ-संध्याकाळच्या धारा काढून डेअरीला दूध घालणं. सगळी कामं चिमटीची आणि मुठीची. त्या कामांनी घर चाललं, पोरं शिकली. आता घरातल्या सुना-नाती सकाळच्या धांदलीत म्हणतात, "दे इकडं, मी लावते." कुणाला शाळा, कुणाला कॉलेज, कुणाला कोल्हापूरची एसटी गाठायची. दोन मिनिटांत हुक लागतो, प्रेमानंच लागतो. आत्ती मात्र मागं सरते आणि म्हणते, "थांब की जरा. माझं मी करतो."

तिचं हे म्हणणं हट्टाचं नाही, असं मला मनापासून वाटतं. अंगावरचं वस्त्र ही माणसाची सगळ्यांत जवळची, स्वतःची जागा. तिथं रोज सकाळी दुसऱ्याचा हात फिरायला लागला की माणूस आपल्याच घरात थोडा पाहुणा होतो. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली म्हातारपणातलं स्वावलंबन मोजण्याची एक पट्टी केली. तिच्यात सहाच गोष्टी आहेत: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, अंथरुणातून उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. चालण्या-धावण्याचा वेग नाही, स्मरणशक्ती नाही. कपडे मात्र दुसऱ्याच क्रमांकावर.

त्या सहांपैकी दोन गोष्टी, कपडे आणि मलमूत्रावरचा ताबा, एका नाडीनं बांधलेल्या आहेत, आणि त्याविषयी आपल्याकडं कुणी बोलत नाही. लघवीची घाई झाली आहे, नाडीची गाठ आवळली आहे, बोटं ऐकत नाहीत. मूत्राशय ठणठणीत असतं, उशीर बोटांना झालेला असतो. एकदा कपडे खराब झाले की माणूस कुणाला सांगत नाही. तो पाणी कमी पितो. लग्नाला जाणं टाळतो, एसटीचा लांबचा प्रवास टाळतो, देवळातल्या भजनातून लवकर उठतो. घरचे म्हणतात, "दादांना आता कुठं जावंसंच वाटत नाही." दादांना जावंसं फार वाटतं. पायजम्याची नाडी काढून तिथं रुंद इलॅस्टिक घातलं, तर कदाचित पुढच्याच लग्नाला ते सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसतील. ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांनी हे आजच विचारावं. विचारताना चारचौघांत विचारू नये.

माणसाचं रोजचं काय अडतं ते बघून वस्तू बदलायची ही दृष्टी आपल्याकडं रुजवण्यात एका बाईंचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या क्वेकर घरात जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी झालेल्या लग्नामुळं भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. १९५० साली त्यांनी मुंबईत केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं (ऑक्युपेशनल थेरपीचं) शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा सुरू केली. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळं त्यांचं नाव अनेकांना माहीत आहे, पण हे मूळ काम कमी लोकांना ठाऊक आहे. व्यवसायोपचार करणारा माणूस रुग्णाला विचारतो, सकाळी उठल्यावर तुम्हाला काय काय करायचं असतं, आणि त्यातलं काय अडतं? मग तो बोटांना व्यायाम देतो, हाताला आधाराची पट्टी देतो, आणि बोटं जिथं वळणारच नाहीत तिथं वस्तू बदलतो. माणसाला बटणाच्या मापाचं करत बसण्यापेक्षा बटण माणसाच्या मापाचं करावं, ही त्या विद्येतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट.

आपल्या जुन्या वस्त्रांत बटणं फारशी नव्हतीच. लुगडं, धोतर, पटका यांत कापडच अंगाभोवती फिरायचं आणि खोचलं जायचं. चोळीची गाठ पुढं, डोळ्यांसमोर. बाराबंदीला बटणांच्या जागी बंद. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदी घालतात. कोल्हापुरी पायताणात पाय नुसता सरकवायचा. बटव्याच्या दोन दोऱ्या दोन मुठींत धरून ओढल्या की तोंड बंद. जुनं सगळं सोपं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. आखडलेल्या बोटांना गाठही छळते आणि नऊवारी नेसणं तर आत्तीनं केव्हाच सोडलं. पण त्या कपड्यांत तळहाताला आणि मुठीला काम होतं, हे खरं. शिवलेला, अंगाबरोबर बसणारा कपडा आला आणि सगळा भार बोटांच्या टोकांवर गेला. त्यात फॅशन म्हणून ब्लाउजचे हुक पाठीमागं गेले, जिथं खांदाही साथ देत नाही आणि डोळाही.

यावर उपाय आपल्या बाजारपेठेतल्या कुठल्याही शिंप्याकडं आहे. हुक पुढं घ्यायचे, कमी आणि मोठे लावायचे. टिचबटण सोपं वाटतं, पण ते दाबताना अंगठ्यावर जोर येतो; ते टाळलेलं बरं. त्याऐवजी आत वेल्क्रोची पट्टी लावून वर जुनी बटणं नुसती शोभेला शिवली, तर सदरा दिसायला होता तसाच राहतो. हा वेल्क्रो स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्रल या इंजिनीअरला सुचला. १९४१ साली डोंगरातून फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळं त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर टोकाला बारीक आकडे. आपल्या बांधावरचा आघाडा लुगड्याच्या काठाला असाच धरून बसतो. वेल्क्रो धुताना मात्र बंद करून धुवावा, नाहीतर त्यात धागे अडकतात आणि पकड जाते. बाहीच्या टोकाचं बटण इलॅस्टिकच्या दोऱ्यानं शिवलं, तर ते लावलेलंच ठेवून हात आत-बाहेर करता येतो. चुंबकाची बटणंही मिळतात. हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. आणि ज्यांना नेहमीची बटणंच हवीत, त्यांच्यासाठी जाड मुठीत बसवलेला तारेचा फासा असतो. तो काजातून आत घालायचा, बटणाला अडकवायचा आणि ओढायचा. सायकलची जुनी मूठ आणि थोडी तार असली की तो घरीही होतो.

पिशवीचं दुखणं एसटीत कळतं. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या प्रवाशांना एसटी फुकट झाली, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं. कितीतरी म्हाताऱ्या बायका त्यामुळं लेकीकडं जाऊ लागल्या. पण फुकट प्रवासासाठी वयाचा पुरावा म्हणून कार्ड दाखवावं लागतं. कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट पर्समध्ये, पर्स पिशवीत, आणि प्रत्येकाला एकेक चेन. गाडी वळणावर हेलकावे खाते, एक हात दांडीला, कंडक्टर समोर उभा, मागं रांग. अशा वेळी चेनीची ती नखाएवढी पट्टी बोटात धरता येत नाही आणि बाई ओशाळते. त्या पट्टीत जाड नाडीचा, बोट सहज आत जाईल एवढा फास बांधला की सगळ्या हातानं चेन ओढता येते. कार्ड पिशवीच्या बाहेरच्या, वेल्क्रोच्या कप्प्यात ठेवावं. पिशवी हातात लटकवण्यापेक्षा रुंद पट्ट्याची, खांद्यावरची घ्यावी.

आत्तीच्या फासाला तिनं स्वतः लाल रंगाची नाडी निवडली. बाकीचं काम व्हायचं आहे. तिचे ब्लाउज, शेजारच्या काकांचे पायजमे आणि कपाटातले दोन सदरे एका पिशवीत भरून ठेवलेत. सकाळी गरम पाण्यात हात शेकून झाले की ती स्वतः शिंप्याकडं येणार आहे, कारण हुक नेमके कुठं हवेत हे तिलाच दाखवायचं आहे. गणपती जवळ आले की शिंप्यांना मान वर करायला वेळ नसतो. त्याआधी कपडे टाकून यायला हवेत.