दिव्यानेच काढलेला साप

नगरच्या सावेडीत गुलमोहर रोडला असो की पाइपलाइन रोडला, स्कॅनचा रिपोर्ट हाती घेऊन निघालेल्या माणसाला एकच ठाऊक असते: फोटोत दिसले, म्हणजे ते आहे. हृदयाच्या सीटी परफ्यूजन तपासणीपुरता तरी हा विश्वास जरा घासूनपुसून घ्यावा लागतो.

या तपासणीत शिरेतून आयोडिनयुक्त औषध सोडतात आणि ते हृदयाच्या स्नायूत कुठे, किती पोचले हे क्ष-किरणांनी पाहतात. रक्त कमी, तिथे काळसर डाग. पण रक्तपुरवठा ठणठणीत असतानाही तसाच डाग उमटू शकतो. क्ष-किरणांच्या झोतात कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. आयोडिनने भरलेला हृदयाचा डावा खालचा कप्पा, महाधमनी आणि मणके त्यांतले कमी ऊर्जेचे किरण अधिक शोषतात; पलीकडे निघतो तो जास्त ऊर्जेचा, ‘कडक’ झालेला झोत. प्रतिमा रचणारे साधे गणित मात्र झोत बदललाच नाही असे धरून चालते. मग कप्प्याच्या मागच्या भिंतीत, महाधमनीच्या अंगाला, खोटी सावली पडते.

वेदान्तातला दोरीवर भासणारा साप दिवा आणला की नाहीसा होतो. इथे साप दिव्यानेच काढलेला! नुसता किरणांचा डोस वाढवून तो जात नाही.

मग ही सावली खोटी म्हणायची का? न्यायदर्शनाचे नैयायिक म्हणतील, भ्रम शून्यातून उपजत नाही; एक खरी वस्तू भलतीच म्हणून घेतली जाते. अन्यथाख्याती ती हीच. सावलीला कारण आहे, पण ती हकिकत किरणांची आहे, रक्ताची नव्हे. याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 साली ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली. त्यांनीच अमृतानुभवात अज्ञानखंडनाचे अख्खे प्रकरण लिहून अज्ञानाला स्वतंत्र अस्तित्वच नाकारले. अर्थात ते चैतन्याबद्दल बोलत होते, आयोडिनबद्दल नव्हे. तरी चूक हा ज्ञानावर पडलेला वेगळा पडदा नव्हे, हा आग्रह इथे ओळखीचा वाटतो.

दुरुस्तीची वाटही पाहण्याच्या रीतीतूनच जाते. एका पद्धतीत आयोडिन आणि हाडांमुळे झोत किती बदलला याचा हिशेब करून तेवढा परिणाम वजा करतात. दुसरीत एकाच हृदयाकडे दोन वेगळ्या ऊर्जांनी पाहतात आणि त्यावरून एकाच ऊर्जेवर दिसली असती तशी प्रतिमा गणिताने काढतात. जैनांचा नयवाद इथे जवळचा ठरतो: प्रत्येक विधान कुठल्या तरी दृष्टिकोनातून खरे. जैन आचार्य आनंदऋषीजींच्या (1900–1992) नगरला ही भाषा परकी नाही. हृदयरोगावरील उपचारांसाठी ओळखले जाणारे हॉस्पिटल तिथे त्यांच्याच नावाचे आहे.

पण दुरुस्ती हेही अनुमानच. 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला तेव्हापासून ही प्रतिमा प्रत्यक्ष कधी नव्हतीच; ती मोजमापांवरून रचलेली असते. वजाबाकी जास्त झाली, तर खरा डागही पुसला जाईल. खोट्या डागापेक्षा ही चूक अधिक घातक, कारण ती रुग्णाला निर्धास्त घरी पाठवते.

म्हणून डॉक्टर एकाच चित्रावर थांबत नाहीत. डाग एखाद्या हृदयधमनीच्या हद्दीत बसतो का? हृदय आकुंचन पावताना आणि सैल होताना, दोन्ही वेळा तो दिसतो का? ताण देणारे औषध दिल्यावर काढलेले आणि विश्रांतीतले स्कॅन शेजारी ठेवले, तर काय दिसते? धडधडीने प्रतिमा फिसकटू नये म्हणून ठोके मंदावणारी गोळी दिलेली असते, ईसीजीशी मेळ घालून स्कॅनचा क्षण निवडलेला असतो. इतके करूनही मत ठरत नसेल, तर रिपोर्टात तशी शंका नोंदवून रुग्णाला एमआरआयसारख्या दुसऱ्या तपासणीचा सल्ला देता येतो.