क्लिकच्या अलीकडे, क्लिकच्या पलीकडे

मार्च १९३६. कॅलिफोर्नियातलं लांबलचक काम आटोपून डोरोथिया लँग गाडीने घरी निघाल्या होत्या. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. आता पुरे, हवे तेवढे फोटो झालेत, असं स्वतःला बजावत त्या सुमारे २० मैल पुढे गेल्या. मग गाडी वळवली आणि त्या परत आल्या.

छावणीत त्या फार वेळ थांबल्या नाहीत. त्या भेटीतल्या मोजक्याच फ्रेम्स उपलब्ध आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की डोळ्यांमागचं डोकं कसं चाललं होतं ते कळतं. दुरून घेतलेल्या फ्रेममध्ये अख्खा तंबू आहे, भोवतीची जमीन आहे, खुर्चीत बसलेली थोरली मुलगी आहे. जवळच्या फ्रेम्समध्ये एकेक गोष्ट चौकटीबाहेर जाते. जमीन जाते, थोरली मुलगी जाते, सामानसुमान जातं. जगाला ठाऊक असलेल्या फ्रेममध्ये उरते ती ३२ वर्षांची आई, गालाशी टेकलेला तिचा हात, मांडीवरचं तान्हं बाळ आणि तिच्या खांद्यांवर रेललेली दोन मुलं. मुलांनी चेहरे फिरवले आहेत, त्यामुळे नजर आईवरून हलत नाही. तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा मात्र कोपऱ्यात डोकावत होता. काही वर्षांनी लँग यांनी तो निगेटिव्हवरूनच पुसून टाकून घेतला.

‘मायग्रंट मदर’ या नावाने गाजलेलं हे छायाचित्र असं घडलं.

अशा छायाचित्रांचा विषय निघाला की आपण चटकन म्हणतो, ‘नेमक्या वेळी नेमक्या जागी हजर होते, नशीब एकेकाचं!’ नशिबाचा वाटा असतोच. पण सगळं श्रेय त्यालाच दिलं की दोन गोष्टी झाकल्या जातात: छायाचित्रकाराची मेहनत आणि त्याची जबाबदारी. छायाचित्र ही निर्णयांची साखळी आहे, आणि जिथे निर्णय असतो तिथे जाबही विचारता येतो.

मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी गांधीजींचे फोटो काढायला आल्या, तेव्हा गांधीजींच्या सचिवांनी अट घातली की आधी चरखा चालवायला शिका. त्या शिकल्या. त्यात तो गांधीजींच्या मौनाचा दिवस, आणि कृत्रिम प्रकाशालाही मनाई. बरीच विनवणी केल्यावर फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. त्यातले पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने काम केलं. पण बल्ब पेटण्याआधीच चौकट ठरलेली होती: पुढे भलामोठा दिसणारा चरखा, आणि त्यामागे वाचण्यात गढलेले गांधीजी. गांधीजी सूत कातत नाहीत, तरीही चरखाच चित्राचा नायक ठरतो. दोन वर्षांच्या आत गांधीजींची हत्या झाली. ‘लाइफ’ने श्रद्धांजलीसाठी हे छायाचित्र वापरलं आणि त्याचा अर्थच बदलून गेला. हा निर्णय बर्क-व्हाइट यांचा नव्हता, संपादकांचा होता.

रघु राय यांचं चर्चगेट स्टेशनवरचं १९९५चं छायाचित्र मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. शटर बराच वेळ उघडं राहिल्याने लोकलची गर्दी वाहत्या धुरासारखी पसरली आहे, आणि वर्तमानपत्र वाचत निश्चल उभी असलेली माणसं तेवढी स्पष्ट उमटली आहेत. डोळ्यांना तसं दृश्य कधीच दिसत नाही. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, या एका निवडीने ते घडवलं.

त्याआधी, डिसेंबर १९८४मध्ये, राय भोपाळमध्ये होते आणि पाब्लो बार्थोलोम्यूही होते. वायुगळतीनंतर एका अनाम बालकाचं दफन होत असताना दोघांनीही ते टिपलं. राय यांचं छायाचित्र कृष्णधवल आहे. त्यात मातीने वेढलेल्या चेहऱ्याला शेवटचा स्पर्श करणारा हात आहे. बार्थोलोम्यू यांचं रंगीत छायाचित्र त्या वर्षीचं ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ठरलं. जागा तीच, मूल तेच, तरी चित्रं दोन. नशिबाची बाजू इथे तोकडी पडते.

निवडीचं काम क्लिकनंतरही संपत नाही. रॉबर्ट फ्रँक यांनी गुगेनहाइम शिष्यवृत्तीच्या आधारे १९५५पासून अमेरिका पालथी घातली आणि ७६७ रोल संपवले. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात त्यातली ८३ छायाचित्रं आहेत. हजारो फ्रेम्स त्यांनी स्वतः बाजूला सारल्या. ‘फ्रँक यांची अमेरिका’ म्हणून जी ओळखली जाते, ती या काटछाटीतून उभी राहिली.

मग जाब कोणी विचारायचा? लँग यांच्या छायाचित्रातली आई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, १९७८मध्ये लोकांसमोर आली तेव्हा तिच्या बोलण्यात कडवटपणा होता: चेहरा जगभर गेला, हाती काही आलं नाही. लँग यांनी तिचं नावही विचारलं नव्हतं. पण त्या सरकारी नोकरीत होत्या, छायाचित्र सरकारी मालकीचं होतं, त्यांनाही त्यावर मानधन मिळालं नाही. छायाचित्र छापून आल्यावर छावणीसाठी ९ टनांच्या आसपास अन्नधान्य पोहोचलं खरं, पण तोवर हे कुटुंब पुढच्या गावी गेलं होतं.

यूजीन स्मिथ यांनी वेगळी वाट धरली. पत्नी आयलीन यांच्यासह ते १९७१ ते १९७४ जपानमधल्या मिनामाता इथे राहिले. तिथल्या चिस्सो कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने शेकडो माणसं अपंग झाली होती. गर्भातच विषबाधा झालेल्या तोमोकोला तिची आई न्हाऊ घालते आहे, हे त्यांचं छायाचित्र आईशी बोलून, तिच्या सहकार्याने घेतलेलं आहे. कारखान्याविरुद्धच्या लढ्याला त्याने जगभर चेहरा मिळवून दिला. तोमोको १९७७मध्ये गेली. मुलीचं ते रूप पुन्हापुन्हा छापलं जाणं आईवडिलांना सोसेना. १९९८मध्ये आयलीन यांनी त्या छायाचित्राचा निर्णय त्यांच्या स्वाधीन केला आणि नव्याने छापायची परवानगी देणं थांबवलं. जुन्या प्रती अनेक संग्रहालयांत होत्याच. त्या भिंतीवर लावायच्या की नाहीत, हे मग तिथल्या माणसांनाच ठरवावं लागलं.