‘मेलो’ म्हणायचं कोणी?

लहानपणी आउट होऊनही मैदान न सोडणाऱ्याला आपण ‘रड्या’ म्हणायचो. तो रडी खातोय हे चार जणांनी पाहिलेलं असायचं, त्यामुळे भांडण जोरात व्हायचं आणि लवकर मिटायचं. आता असा खेळ डोळ्यांसमोर आणा, जिथे तुम्ही आउट झालात हे बऱ्याचदा फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

जपानमध्ये जन्मलेला एअरसॉफ्ट हा तसा खेळ. खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी बंदूक आणि तिच्यातून सुटणारा ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा. पेंटबॉलमध्ये रंग फुटतो, अंगावर पुरावा राहतो. इथे काहीच राहत नाही. छर्रा लागला की आपणच हात वर करायचा, ‘हिट’ असं ओरडायचं आणि निघायचं. जपानी कायद्याने छर्र्याची ताकद एक ज्यूलच्या आत ठेवली आहे. पन्नास मीटरवरून तो जाड जॅकेटवर किंवा पाठीवरच्या पिशवीवर आपटला, तर कळेलच असं नाही. म्हणजे उठून न जाणारा प्रत्येक जण खोटारडा नसतो. म्हणून अनेक मैदानांवर नियम असतो: समोरच्याला ‘तू मेलास’ म्हणायचं नाही, शंका असेल तर मार्शलला सांगायचं. मला हा नियम फार शहाणा वाटतो. आरोप एकदा तोंडातून गेला की तो दिवसभर मैदानात फिरत राहतो.

खरी पंचाईत मोठ्या, गोष्टीसारख्या रचलेल्या खेळांत होते. काही खेळ २४ तास किंवा त्याहूनही जास्त चालतात. भूमिका ठरलेल्या, छर्रे मोजून दिलेले, जखमीला बँडेज बांधायला वैद्यक साथीदार. हे सगळं खरं वाटावं म्हणून आयोजक एक गोष्ट हमखास करतो. तो मरण महाग करतो. मेल्यावर पाच मिनिटांत परत आलात, तर झाडाआडून डोकावताना छातीत धडधड कशाला होईल? म्हणून मग तासभर थांबा, तळापर्यंत चालत जा. पण मरण जितकं महाग, तितकं ‘मेलो’ म्हणणं जड. खेळ खरा वाटायला लावणारी गोष्टच खोटं बोलायला लावते.

यावर उत्तर तयार असतं: ज्याला खोटं बोलायचंय तो बोलणारच, आयोजकाचा काय दोष? मला हे पटत नाही. रात्री दोन वाजता, पावसात, तंबूत नुसतं बसण्याची शिक्षा ठेवायची आणि वर सचोटीची अपेक्षा करायची, यात आयोजकाची थोडी लबाडी आहेच. दुर्बिणीवर कॅमेरे लावून रडी खाणाऱ्यांचे व्हिडिओ टाकणं हा तर आणखी वाईट उपाय. छर्रा लागला हे कॅमेरा दाखवतो, तो जाणवला का हे नाही. तरी खाली हजारो लोक निकाल देऊन मोकळे.

योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळावर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, फसवणारा निदान खेळतोय असं भासवतो, खेळाचं जग मोडतो तो खेळच न मानणारा. एअरसॉफ्टमध्ये मला हा फरक टिकताना दिसत नाही. तीनदा नेम लागूनही समोरचा उभाच राहिला, की ते जंगल, ती मोहीम, सगळं संपतं. उरतात वेश केलेली दोन माणसं.

मग करायचं काय? मरण स्वस्त नको, पण रिकामंही नको. मेलेल्याला कैदी करावं, त्याच्याकडून चौकशी व्हावी, त्याला स्ट्रेचर उचलायला लावावं, शत्रूच्या निरोप्याची भूमिका द्यावी. तो वेळ गमावतो, गोष्ट गमावत नाही. कुणी म्हणेल, मग त्याच्या सचोटीला किंमत काय उरली? उरते. कारण कितीही सोय केली तरी एक क्षण शिल्लक राहतोच. दाट झाडी, संध्याकाळ, कुणीतरी अंदाजाने झाडलेला छर्रा बाहीला हलकाच लागतो. झाडणाऱ्यालाही पत्ता नाही. समोर झेंडा दहा पावलांवर. आणि झुडपातून एक जण उठतो, हात वर करतो, कुणी ऐकत नसताना ‘हिट’ ओरडतो आणि तळाकडे चालू लागतो.

त्या तळावर त्याच्यासाठी काय ठेवलंय, एवढंच आयोजकाच्या हातात असतं.