बालपणाची तेरीज

आमच्या घरात एक पुराण बारा महिने चालू असतं. त्याला श्रावण लागत नाही की भटजी लागत नाही. कन्येच्या हातात मोबाइल दिसला, की मी घसा साफ करतो आणि "आमच्या वेळी सिहोऱ्याला..." अशी सुरुवात करतो. दुसऱ्या वाक्याला कन्या उठून जाते, तिसऱ्याला सौभाग्यवतींना गॅसवर काहीतरी करपल्याचा वास येतो. उरलेलं पुराण मी एकटाच ऐकतो, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं.

सिहोरा म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, तुमसर तालुक्यातलं, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं आमचं गाव. माझ्या पुराणात तिथला पाऊस वेळेवर येतो, जवळच्या चांदपूरचा तलाव कायम काठोकाठ असतो, आणि मास्तरांची छडीसुद्धा हातावर न बसता आयुष्यावर संस्कार करून जाते. आमच्याकडे टीव्ही होता. दर रविवारी सकाळी सगळी आळी एका सतरंजीवर बसून 'रामायण' बघायची. लहानमोठा, गरीब-श्रीमंत काही भेद नव्हता!

पुराणातला सर्वांत रंगलेला अध्याय तान्ह्या पोळ्याचा. मोठ्या माणसांचा पोळा खऱ्या बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा लाकडी बैलांचा. हा पायंडा नागपूरकर भोसल्यांनी पाडला, असं आमच्याकडे सांगतात. चाकांवरचा बैल सजवायचा, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा. घरची बाई बैलाला ओवाळते आणि पोरांच्या हातावर पैसे ठेवते, त्याला म्हणतात बोजारा. माझा बैल सागवानी होता आणि गावात त्याला तोड नव्हती. आमच्या सालदाराचा मुलगा माझा जिवलग दोस्त. "आम्ही दोघांनी मिळून तो बैल अख्ख्या गावभर ओढला," हे वाक्य मी आजवर किमान दोनशे वेळा उच्चारलं असेल.

गेल्या पोळ्याच्या सुमारास हा दोस्त माझ्या खिडकीसमोर उभा राहिला. म्हणजे बँकेतल्या. मी मान वर न करता आधार कार्ड मागितलं. कार्डावरचा फोटो पाहिला, नाव पाहिलं, जन्मतारीख ताडली, आणि सही करताना दचकून मान वर केली. केवायसीचा अर्थ 'आपला ग्राहक ओळखा' असा आहे, हे आम्हाला दरवर्षी सांगतात. मी कागद ओळखला, माणूस ओळखायचा राहिला.

"बाबूजी, वरखलं नाई का मले?" तो म्हणाला. आमच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. शाळेची शारा होते, आणि ओळखलेला माणूस वरखलेला होतो.

बाहेर चहाच्या टपरीवर गेलो. मी लगेच अध्याय उघडला. "आठवतं का रे, आपण दोघांनी बैल ओढला होता?"

तो हसला. बाबूजीवरून एकदम 'तू'वर आला. "आपन दोघं कोठचे बा? बैल त मी ओढलो. लय जड होता तुहा बैल. तू समोर समोर, हातात पैशाचा डबा धरून."

"आणि रविवारचं रामायण?"

"पाह्यलो ना. खिडकीतून."

तो रागावून बोलत नव्हता हो. रागावला असता तर बरं झालं असतं. मीही जरा आवाज चढवला असता. तो अगदी हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगत होता. चहाचे पैसे त्यानं दिले. वीस रुपये. मी खिशात हात घालेपर्यंत त्यानं फोन काढून देऊनसुद्धा टाकले.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. १९८८ सालचा पोळा, एकूण बोजारा सुमारे सहा रुपये. त्याचा निम्मा हिस्सा तीन रुपये. सात टक्के दरानं सदतीस वर्षांची चक्रवाढ लावली, तेव्हा छत्तीस रुपये सदुसष्ट पैसे झाले. अधिक माझ्या चहाचे दहा. हिशेब असा चोख निघाला, पण झोप येईना. शिवाय अडचण अशी, की मूळ कर्ज बहुतेक चाराण्यांच्या नाण्यांतलं, आणि चाराणे सरकारनं २०११ सालच्या जूनअखेर चलनातून काढून टाकले. काही देणी अशी असतात, की फेडायची बुद्धी होईपर्यंत नाणंच बंद पडतं.

आता प्रश्न असा, की मी खोटं बोलत होतो का? शपथेवर सांगतो, नव्हतो. मला दोरीवर चार हात स्पष्ट दिसत होते. अजूनही दिसतात. मग जे आपल्याला खरंच वाटतं ते सांगितल्याचा दोष लागतो की नाही?

मी पडलो बी.कॉम. आम्हाला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली होती. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. आकडा चुकला तर तेरीज बोंब मारते. पण एखादा व्यवहार मुळातच लिहिला नाही, जमेला नाही आणि नावेही नाही, तर दोन्ही बाजू खुशाल जुळतात. माझ्या बालपणाची तेरीज सदतीस वर्षं अशीच जुळत आली होती.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी आमच्याकडे मारबत काढतात. गावातली रोगराई, इडापिडा तिच्यासोबत वेशीबाहेर घालवायची असते. मला वाटतं, माणसाची आठवणही रोज मारबत काढते. लाज, अपराध, दुसऱ्याच्या हातावरचे दोरीचे वळ हे सगळं वेशीबाहेर, आणि सजवलेला बैल तेवढा घरात. फरक इतकाच, की आपण वेशीबाहेर टाकलेलं कुणीतरी उचलून घरी नेलेलं असतं.

याच्या उलटही माणसं असतात. चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचा असताना लंडनमध्ये बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. हे त्यानं पुढे पोटच्या पोरांनाही कळू दिलं नाही. जगाला कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर, मित्रानं लिहिलेल्या चरित्रातून. ज्यानं सोसलं तो तोंड उघडत नाही, आणि ज्याच्या हातात डबा होता तो पुराण सांगत सुटतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, सगळ्यांचंच बालपण असं गोड होतं. पुराण सांगायला माझी हरकत नाही, पण राहिलेली नोंद तारीख घालून आज करायला हवी. हिशेबात ती उशिरा केली तरी चालते.

मला आमच्या बोलीचं कौतुक वाटलं. पुस्तकी मराठीत आपण 'मी बैल ओढला' म्हणतो. तिथं क्रियापद बैलाच्या मागे जातं, ओढणारा कुणीही असो. झाडीबोलीत 'मी ओढलो' म्हणतात. क्रियापद ओढणाऱ्याला सोडत नाही. जन्मभर शुद्ध बोलायचा अट्टाहास केला, आणि खरं तेवढं बोलीत राहून गेलं.

परवा कन्येच्या हातात मोबाइल होता. मी घसा साफ केला. ती उठायच्या आत म्हणालो, "त्या गोष्टीत एक दुरुस्ती आहे. बैल माझ्या दोस्तानं ओढला."

ती उठली नाही. सौभाग्यवतींनाही कसला वास आला नाही. माझं पुराण पहिल्यांदाच कुणीतरी पुढे ऐकायला थांबलं होतं.

"मग बाबा," कन्या म्हणाली, "तुम्ही काय करत होता?"